पँगाँगला कोल्हापुरातनं गाडी घेऊन जावं की विमानानं लेह गाठावं?

रंकाळ्यावर रोज सकाळी फिरणारे आम्ही पाच जण दोनदा पँगाँगला जाऊन आलोय. २०२२ च्या जूनमध्ये पुण्यातनं विमानानं, व्हाया दिल्ली लेह आणि तिथनं पुढं टॅक्सी. आणि २०२४ च्या जूनमध्ये ताराराणी चौकातनं आपली एमएच ०९ ची डिझेल गाडी काढली ती थेट तलावापर्यंत. तेव्हापासनं ओळखीतलं कुणी लडाखचं नाव काढलं की आमच्यातल्या कुणाला तरी फोन येतो आणि प्रश्न एकच असतो, गाडीनं का विमानानं. फोनवर दहा मिनिटांत सांगून होत नाही म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. थंडी किती असते, कपडे काय न्यायचे, तलाव कसा दिसतो हे तुम्ही आधीच वाचलेलं असणार, ते परत सांगत बसत नाही.

आधी सुट्टीचं, कारण बहुतेकांचा निर्णय तिथंच होतो. विमानानं आम्हाला घरापासनं घरापर्यंत आठ दिवस लागले. गाडीनं सतरा. ऑफिसातनं सतरा दिवस मिळणारच नसतील तर पुढचं वाचून जीवाला त्रास करून घेऊ नका, तिकीट काढा, तलाव तोच आहे आणि तो दोन्हीकडनं तितकाच निळा दिसतो. पण ओढूनताणून तेवढे दिवस जमत असतील आणि मन खाली-वर होत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

विमानाचा हिशोब कागदावर फार चांगला दिसतो. रात्री पुणं सोडलं, पहाटे दिल्ली, सकाळी लेह. लेहला विमानं बहुतेक सकाळीच उतरतात कारण दुपारनंतर तिथं वारा सुटतो. खिडकीतनं बर्फाचे डोंगर बघत आपण उतरतो, आणि दारातनं बाहेर आल्या आल्या बॅग उचलली की कळतं काहीतरी वेगळं आहे. पुणं साधारण साडेपाचशे मीटरवर, लेह साडेतीन हजारावर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर एकावर एक दोनदा ठेवलं तरी लेह वरच राहतं, आणि आपण ते सगळं एका सकाळी बसल्या बसल्या चढून आलेलो असतो. शरीराला हे कळायला दोन दिवस लागतात. म्हणून तिथं सगळेच सांगतात की पहिले दोन दिवस काही करू नका, पडून राहा, पाणी प्या.

आम्ही पडून राहिलो. तरी आमच्यातला जो लहानपणापासनं तालमीत जातो, रोज दोनशे-तीनशे जोर मारतो, सगळ्यात दणकट गडी, त्यालाच सगळ्यात जास्त लागलं. संध्याकाळी डोकं धरलं, जेवण बघवेना, रात्री दोनदा उलटी, शेवटी दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावून रात्र काढली. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अंगातली ताकद आणि विरळ हवा सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कुणाला लागेल हे आधी सांगता येत नाही, उलट दणकट माणसं दुखणं अंगावर काढतात आणि त्यानं जास्त बिघडतं. हे लक्षात ठेवा, ग्रुपमधल्या धडधाकट माणसाकडं जास्त लक्ष ठेवा. तो तिसऱ्या दिवशी ठीक झाला, पण विमानानं वाचवलेल्या दिवसांतले अडीच दिवस त्या हॉटेलच्या खोलीत गेले, आणि बाकीच्या चौघांचाही त्या दोन दिवसांत काही मूड राहिला नाही, सगळे आपले त्याच्या तोंडाकडं बघत बसलेले.

गाडीनं गेलो तेव्हा श्रीनगरच्या बाजूनं चढलो. श्रीनगर १,५८५ मीटर, तिथं दोन रात्री. मग सोनमर्ग ओलांडून झोजी ला (ला म्हणजे तिकडं खिंड), जो साडेतीन हजाराच्या वर आहे पण लगेच पलीकडं द्रास आणि पुढं कारगिलला आपण परत खाली सत्तावीसशेच्या आसपास येतो आणि तिथं झोपतो. दुसऱ्या दिवशी नमिका ला, फोटू ला (हा ४,१०८ मीटर, त्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच), लामायुरू, आणि संध्याकाळी लेह. चढायचं, उतरायचं, खाली झोपायचं, असं करत शरीर आपोआप सरावतं. लेहला पोचल्यावर एकाचं थोडं डोकं जड, बाकी काही नाही, आणि तालीमवाला तर संध्याकाळी बाजारात जर्दाळू घेत फिरत होता. आता हा पाच माणसांचा अनुभव, यावरनं नियम करू नका, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण दोन्ही वेळची माणसं तीच होती, म्हणून मला तरी तो फरक खरा वाटतो.

इथं एक सांगतो, गाडीनं जाणाऱ्यांतले बरेच जण जवळ पडतं म्हणून मनालीवरनं चढतात. अटल टनेल २०२० ला झाल्यापासनं रोहतांगची खिंड टळली, त्यामुळं तो रस्ता आणखी सोपा वाटायला लागलाय. पण त्या बाजूला मधला मुक्काम सरचूला पडतो, तो जवळपास ४,३०० मीटरवर, म्हणजे पँगाँगच्याच उंचीला, आणि तेही सराव व्हायच्या आधी. आम्ही मनालीवरनं फक्त उतरलो, आणि माझं मत विचाराल तर तेच बरोबर आहे, श्रीनगरनं चढा, मनालीनं उतरा.

पैशाचं फार लांबवत नाही. पाच जणांत डिझेल-टोल वाटून घेतलं तर गाडीचा प्रवासखर्च विमान आणि टॅक्सीपेक्षा बराच कमी येतो, पण मुक्काम दुप्पट होतात, जेवणं दुप्पट होतात, आणि निघायच्या आधी टायर, ब्रेक पॅड, बॅटरी असं काहीबाही गाडीला करावंच लागतं. शेवटी आम्हाला माणशी थोडंसं स्वस्त पडलं. तिघंच असाल तर बहुतेक तेवढंही पडणार नाही.

गाडीनं जाण्यात काय जड जातं तेही सांगतो, नाहीतर नुसती कौतुकं ऐकून निघाल आणि राजस्थानात मला आठवाल. पहिले चार दिवस लडाखचा काही संबंध नसतो. कोल्हापूर-सुरत एक दिवस, सुरतनं गुजरात ओलांडून राजस्थानात सांचोरपर्यंत दुसरा. तिसऱ्या दिवशी जालोर ते हनुमानगड तो नवा सहा पदरी हायवे, जो बिकानेरवरनं जातो. रस्ता एवढा सरळ की ड्रायव्हरला झोप येते. जून महिना, बाहेर भट्टी, एसी बंद करायची सोय नाही, मैलोन्मैल झाडाचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी पंजाबातनं जम्मू. त्या चार दिवसांत तिघांना तरी वाटून जातं की उगीच आलो. परतीचं दिल्ली ते कोल्हापूर तर त्याहून वाईट, कारण तेव्हा बघायचं काही शिल्लक नसतं आणि सगळ्यांना घर दिसत असतं. गाडी चालवणारे निदान तिघं पाहिजेत, आणि रात्री गाडी चालवायची नाही हे निघतानाच ठरवून घ्या. आम्ही सहा हजाराच्या आसपास किलोमीटर केले आणि एकदाही रात्री नऊनंतर चाक फिरवलं नाही.

झोजी ला हे दुसरं. आदल्या रात्री पाऊस पडलेला, नुसता चिखलाचा राडा, एका बाजूला खोल दरी, समोर ट्रकची रांग, तीन तास जागेवर. आपण आंबोली, गगनबावडा, अणुस्कुऱ्याच्या घाटात गाडी चालवलेली माणसं, घाट आपल्याला नवा नाही, तरी तिथं हात घट्ट होतात. वरच्या उंचीवर इंजिनाचा दमही कमी होतो, तिसऱ्यात जिथं जाईल असं वाटतं तिथं दुसरा टाकावा लागतो. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गिअरमध्येच उतरायचं. ज्यांना घाटाची सवय नाही त्यांनी टॅक्सीच करावी असं मी अगदी मनापासनं सांगेन. तिथल्या ड्रायव्हरांना रस्त्यातला दगड अन् दगड माहीत असतो, त्यांच्या हाताखाली आपण निवांत झोपू शकतो.

आता ज्या गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लागला ती सांगतो.

पहिल्या वेळी लेहहून पँगाँगला निघालो तेव्हा टॅक्सीवाला चांगला माणूस होता. गाडी सांभाळून चालवायचा, वाटेत गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आली की नाव सांगायचा. पण त्याचं लक्ष घड्याळाकडं. त्यालाही कारण होतं. टांगत्से गाव सोडल्यावर पुढं एक ओढा लागतो, त्याला पागल नाला म्हणतात, सकाळी घोट्याएवढं पाणी आणि दुपारी ऊन चढून वरचा बर्फ वितळला की तोच ओढा गाड्या अडवतो. म्हणून त्याला दुपारच्या आत तो ओलांडायचा होता. झालं असं की टांगत्सेच्या पुढं हिरवं कुरण आहे, तिथं मार्मोट, म्हणजे मोठ्या खारीसारखी जनावरं, बिळातनं बाहेर येऊन दोन पायांवर उभी राहिलेली, आम्ही म्हटलं थांबवा, तो म्हणाला आते टाइम देखेंगे सर. मग एका वळणावर दोन तपकिरी डोंगरांच्या मधे खाली एक निळी फट दिसली. एवढीशी. कुणीतरी निळ्या कापडाची घडी तिथं ठेवून दिल्यासारखी. ज्यांना दिसली ते आम्ही एकदम ओरडलो, थांबवा. तो म्हणाला आगे और अच्छा व्ह्यू है सर, आणि ती फट पुढच्या वळणाआड गेली. वीस मिनिटांनी लुकुंगला उतरलो तेव्हा समोर अख्खा तलाव होता, पण पार्किंगमधनं, दोन बसच्या मधनं, मॅगीच्या वासात. त्याच्यापेक्षा मोठा, त्याच्यापेक्षा सुंदर व्ह्यू होता हे खरं आहे, त्या माणसानं खोटं सांगितलं नव्हतं. पण आम्ही ज्यासाठी एवढ्या लांबनं आलो होतो ते पहिल्यांदा दिसलं त्या क्षणी आम्ही एका धावत्या गाडीत होतो आणि मागच्या सीटवरच्या दोघांना तर ते दिसलंच नाही. परत येताना दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालो, त्याला पुढचं बुकिंग होतं, आणि मार्मोट तेव्हाही राहिली.

तक्रार त्याच्यावर नाही, त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. पण घरी आल्यावर दोन वर्षं आम्ही पाच जण जेव्हा जेव्हा लडाखचं बोलायचो तेव्हा शेवटी गाडी त्या निळ्या फटीवरच यायची. कुठं थांबायचं हे आपल्या हातात नव्हतं, एवढंच. पण मला ती गोष्ट सोडता आली नाही.

दुसऱ्या वेळी आपली गाडी होती. लेहहून पहाटे पाचला निघालो, कारूला डिझेल फुल्ल केलं, चांग ला सकाळी लवकरच गाठला. ५,३०० मीटरच्या वर, श्वास घेतोय पण पुरत नाही असं होतं, तिथं पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. गाडीच्या मागं भडंगाच्या पुड्या होत्या, कोल्हापुरातनं पॅक करून घेतलेल्या. बाहेर हवेचा दाब कमी झाल्यामुळं त्या फुगून उशीसारख्या टम्म झालेल्या, एक तर शिवणीतनं फुटून अख्ख्या डिकीत भडंग. ते गोळा करत होतो तेवढ्यात एक जवान चालत आला. त्यानं आधी नंबर प्लेट बघितली होती. म्हणाला, "कोल्हापूर का वो?" गडहिंग्लजकडचा. गेल्या गणपतीपासनं गावाकडं गेला नव्हता. लडाख कसं वाटलं, कुठं कुठं फिरलात, असलं काही त्यानं विचारलं नाही. पहिला प्रश्न, "पाऊस लागला का आपल्याकडं?" आम्ही सांगितलं की निघालो त्या दिवशी वळीव चांगला झाला, पेरण्या सुरू होतील. त्यावर तो नुसता मान हलवत राहिला. दोन पुड्या त्याच्या हातात दिल्या, एक त्यानं तिथंच फोडली आणि आमच्यासमोर उभं राहून खाल्ली. टॅक्सीतनं गेलो असतो तर तो आमच्याजवळ आला नसता, लडाखच्या पाटीवर एमएच ०९ नसतं.

मग टांगत्से, मग ते कुरण. तिथं अर्धा तास. मार्मोटना खायला घालायचं नसतं, काही लोक बिस्किटं टाकतात, ते करू नका. पागल नाल्यात सकाळी नऊला चाकाचा तळ भिजेल एवढंच पाणी होतं. आणि ते वळण. मला जागा आठवत होती असं वाटलं होतं पण प्रत्येक वळण तसंच वाटत होतं, आणि मग ते आलंच. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेतली, इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर तिथं जी शांतता आहे ती टॅक्सीत बसून कळत नाही, कानात नुसता वारा. छोटा गॅस काढला, चहा ठेवला. तिथं पाणी ८६ अंशाच्या आसपासच उकळतं, चहाला उकळी येते पण रंग सुटत नाही, दहा मिनिटं ठेवला तरी फिक्काच. तोच चहा घेऊन पाचही जण रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि ती निळी फट बघत राहिलो. ऊन वर आलं तसा तिचा रंग बदलत गेला, आधी राखाडी, मग गडद निळा, मग एका कडेला हिरवट. चाळीस मिनिटं. कुणी फोन काढला नाही असं मी म्हणणार नाही, सगळ्यांनीच काढला, पण नंतर ठेवून दिला.

खाली तलावावरही हाच फरक जाणवला. बहुतेक गाड्या लुकुंग आणि स्पांगमिकला थांबतात. आम्ही काठाकाठानं मान आणि मग मेराक या गावांपर्यंत गेलो, तिथं गर्दी जवळजवळ नाही आणि पाण्यावर फक्त पांढरे पक्षी. तलाव एवढा लांब आहे की त्याचा साधारण एक तृतीयांश भागच आपल्याकडं, बाकी तिबेटात. पाणी खारट, कारण इथनं पाणी बाहेर जायला वाटच नाही. आणि दुसऱ्या दिवशी मेराकहून पुढं चुशूलला जाऊन रेझांग लाच्या स्मारकाला गेलो. १८ नोव्हेंबर १९६२ ला चीनच्या युद्धात मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी तिथं शेवटपर्यंत लढली. आमच्यातल्या एकाचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, त्याला तिथं जायचंच होतं. तो प्रत्येक नाव वाचत गेला, आम्ही मागं उभे राहिलो, कुणी चल म्हटलं नाही. पहिल्या वेळी टॅक्सीच्या ठरलेल्या रूटमध्ये हे नव्हतंच. जायला मिळतं का, परमिट काय लागतं, हे त्या त्या वेळी लेहमध्ये विचारून घ्या, सरहद्दीचा भाग आहे, नियम बदलतात.

तरी कुणी विमानानं जावं हेही प्रामाणिकपणे सांगतो. सोबत वयस्कर माणसं असतील, लहान पोरं असतील, पाठीचं दुखणं असेल, किंवा चालवणारा एकच असेल, तर विमान. फक्त लेहमधले पहिले दोन दिवस प्लॅनमध्ये मोकळे ठेवा आणि टॅक्सी ठरवतानाच बोलून घ्या की वाटेत इतक्या वेळा थांबणार, निघणार पहाटे, परतीची घाई नाही. पैसे थोडे जास्त जातील, जाऊ देत. जीपमध्ये मागच्या सीटवर रोज वेगळा माणूस बसवा. ज्यांना मधलं काहीतरी पाहिजे त्यांनी रेल्वेनं जम्मू गाठून तिथनं टॅक्सीनं श्रीनगर-कारगिल-लेह करावं, निदान चढण तरी हळूहळू होते. बाहेरनं भाड्यानं घेतलेली सेल्फ ड्राइव्ह गाडी लडाखात नेऊ नका, तिथं अडवतात, स्वतःची पांढऱ्या पाटीची गाडी असेल तर प्रश्न येत नाही. मित्राची गाडी नेणार असाल तर तो मित्र सोबत असलेला बरा.

आणि गाडीनं निघणार असाल तर प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पाचातले दोघं तरी पोस्टपेड करून घ्या. स्टेपनीची हवा बघा. पंक्चर किट घ्या आणि घरीच एकदा वापरून बघा. भडंगाच्या पुड्या पॅक न करता डब्यातनं न्या, आणि थोडं जास्तच न्या, वर आपल्याकडचं कुणी ना कुणी भेटतंच.